साधी कॉफी, साधी बाई



आपल्या समाजात मुलीचा बायोडाटा लिहायला बसलं की पहिली ओळ ठरलेली असते. मुलगी साधी, सरळ, घरकामात तरबेज. इंग्रजीत लिहायचा असेल तर ‘सिम्पल’. माझ्या लेकीचा बायोडाटा मीच टाइप केला होता आणि त्यातही हा शब्द होता. तेव्हा तो वाचून ती म्हणाली होती, “आई, सिम्पल म्हणजे बावळट असंही वाटतं गं.” मी तिला गप्प केलं होतं. इंग्रजी मला कळतं, मी बी.कॉम. आहे, असं काहीतरी बोलले असेन.

त्याच शब्दाने मागच्या वर्षी मला परदेशात तोंडघशी पाडलं, त्याची ही गोष्ट.

लेकीच्या बाळंतपणाला मी जर्मनीत, कोलोनला, तीन महिने होते. डिंक, खारीक, आळीव, सगळं सांगलीहून बांधून नेलं होतं. नातू जुलैत झाला. तिथे जुलैत रात्री साडेनऊपर्यंत लख्ख उजेड असतो, त्यामुळे सूर्यास्ताआधी जेवण उरकायची आपली धावपळ तिथे नाही. उलट संध्याकाळ संपता संपत नाही. जावई कामावर, लेक झोपलेली, बाळ झोपलेलं, आणि मी खिडकीत. जर्मन येत नाही, रस्त्यावर ओळखीचं कुणी नाही. एक-दोनदा तर चक्क आपल्या भाजीवाल्याची आठवण येऊन डोळ्यांत पाणी आलं.

अशात एके दिवशी समोरच्या दारातून एक बाई आल्या. डोक्याला रुमाल, लांब झगा, हातात काचेचा जग, जगात लालभडक सरबत. त्या तुर्की. आम्हा दोघींना समान अशी एकही भाषा नाही. लेकीने जर्मनमधून विचारलं तेव्हा कळलं, की बाळंतिणीच्या घरी द्यायचं हे त्यांच्याकडचं सरबत आहे, लवंग-दालचिनी घातलेलं. बाळंतिणीला ते ‘लोहुसा’ म्हणतात आणि तिचे चाळीस दिवस पाळतात. आपला सव्वा महिनाच की हो! मी लगेच त्यांना आत बसवलं.

त्या माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या. तुर्कीत मोठ्या बहिणीला ‘आब्ला’ म्हणतात, म्हणून मीही आब्ला म्हणू लागले. पश्चिम जर्मनीने 1961 च्या ऑक्टोबरमध्ये तुर्कस्तानाशी करार करून तिथून कामगार आणायला सुरुवात केली. 1973 मध्ये नवी भरती थांबली, पण आधी आलेल्यांच्या बायका-मुलं येतच राहिली. आब्ला त्यातल्याच. सत्तरच्या दशकात लग्न होऊन आल्या त्या इथल्याच झाल्या. सुनेला तुर्कीत ‘गेलिन’ म्हणतात, आणि ‘गेल’ म्हणजे ये. जी येते ती गेलिन. जावेला ‘एल्ती’ म्हणतात. इंग्रजीत जावेला शब्दच नाही, बिचाऱ्यांना सगळ्याच सिस्टर-इन-लॉ. मावशीला वेगळा शब्द, आत्याला वेगळा, मामाला वेगळा. मला फार बरं वाटलं. ज्या भाषेत जावेला स्वतंत्र शब्द आहे त्या भाषेतल्या बाईला आपलं दुःख सांगता येईल, असं काहीतरी मनात आलं.

मग रोज दुपारी अर्धा तास आमचा शब्दांचा वर्ग. मोबाईल मध्ये ठेवायचा, वस्तूवर बोट ठेवायचं, त्या त्यांचा शब्द म्हणणार, मी माझा. साबणाला ‘साबुन’. हवेला ‘हावा’. दुकानाला ‘द्युक्कान’, हिशेबाला ‘हेसाप’, फायद्याला ‘फायदा’, वहीला ‘देफ्तेर’. माझं सगळं बी.कॉम. तिथे निघालं म्हणा ना. हे शब्द अरबी-फारसीतून त्यांच्याकडे गेले तसेच आपल्याकडेही आले. व्याजाला मात्र ‘फाइझ’ म्हणतात, ते मला नवं होतं.

खाण्याचा प्रश्न आला तेव्हा गंमत झाली. त्यांनी बशीभर सुकी अंजिरं आणली. त्यांच्याकडेही ते ‘इन्जिर’च. आता आपण अंजीर खात नाही, पंच उदुंबरांतलं ते, हे मी कसं सांगणार? ‘योक’ म्हणजे नाही, एवढं शिकले होते. इन्जिर योक. मध दाखवला, बाल योक. कांदा योक, लसूण योक. बटाटा दाखवून त्यांनी मोठ्या आशेने माझ्याकडे पाहिलं. बटाटा योक. तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “ने वार?” म्हणजे, मग आहे काय? मी हातवारे करून डाळ, भात, तूप सांगू लागले. तूप समजेना. त्यांनी कपाटातून एक डबा काढला, झाकण उघडलं, आणि काय सांगू, रवाळ, दाणेदार, घमघमीत तूप! तुर्की दुकानातून आणलेलं. त्याचं नाव ‘सादेयाग’. शेवटचा ग नुसता लिहायचा, म्हणायचा नाही. याग म्हणजे तेल किंवा लोणी, कुठलंही स्निग्ध. सादे म्हणजे साधं. कढवून, गाळून, त्यातलं पाणी आणि दुधाचा अंश काढून टाकला की उरतं ते साधं. गाझियानतेप नावाच्या त्यांच्या गावचा बकलावा प्रसिद्ध आहे, तो याच तुपातला.

आपला ‘साधा’ हा शब्दही फारसी ‘सादा’वरूनच आलेला. म्हणजे माझ्या देवघरातला शब्द त्यांच्या तुपाच्या डब्यावर. मी चार वेळा म्हणून पाहिला, सादे, सादे. आब्ला हसल्या आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “सादे!” म्हणजे ही बाई काहीच खात नाही, साधी आहे. त्या दिवसापासून माझं नावच पडलं.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण मला चांगलं काही बोलायची हौस.

ऑगस्टच्या शेवटी एका दुपारी मी त्यांच्याकडे गेले होते. माझी ताटली नेली होती, त्यात शंकरपाळ्या. त्यांच्याकडेही आलेली ताटली रिकामी परत करायची नाही अशी पद्धत आहे, अगदी आपल्यासारखी. त्यामुळे आमच्या दोन ताटल्या दीड महिना नुसत्या इकडून तिकडे फिरत होत्या. त्यांचं घर बघत होते. भिंतीवर काही नाही, सोफ्यावर हाताने विणलेलं एक कापड, स्वयंपाकघरात चार भांडी, पण आरशासारखी. मला भरून आलं. माझ्या आईचं घर असंच होतं. मी मोबाईल घेतला आणि इंग्रजीत टाइप केलं, कारण मराठीतून भाषांतर धड येणार नाही असं मला वाटलं. लिहिलं, की तुम्ही एक सिम्पल बाई आहात. आणि बटण दाबून त्यांच्या हातात दिला.

मोबाईल खणखणीत आवाजात बोलला, “सेन बासित बिर कादनसन.”

आब्लांचा चेहरा बदलला. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी हातातला पेला खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं, परत मोबाईलकडे पाहिलं, आणि उठून ओटा पुसायला लागल्या. पुसलेलाच ओटा. मला वाटलं, त्यांना संकोच वाटला असेल. आपल्याकडेही स्तुती केली की बायका पदर सारखा करतात. मी हसून निघून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराबाहेर पायपुसण्यावर माझी ताटली होती. धुतलेली, पुसलेली, रिकामी.

मैत्रिणींनो, रिकाम्या ताटलीचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. मी ती हातात घेऊन किती वेळ उभी होते कोण जाणे. बाळाला अंघोळ घालताना, पेज करताना, तेच डोक्यात. लेकीला सांगितलं नाही. ती आधीच रात्रभर जागी, तिला कुठे माझ्या ताटल्यांचं. दोनदा जिन्यात आब्ला भेटल्या, मान हलवून पुढे गेल्या. आणि त्यातच आपलं दशलक्षण पर्व सुरू झालं. मी एकाशन करत होते. पहिला दिवस उत्तम क्षमेचा. मोबाईलवर प्रवचन लावायचं आणि लक्ष समोरच्या दाराकडे, असं माझं पर्व.

शब्द कुठला खटकला हे मला कळत नव्हतं, पण कुठलातरी खटकलाय हे कळत होतं. कारण ओटा पुसणं माझ्या ओळखीचं होतं.

1986 साल. माझं लग्न होऊन तीन वर्षं झालेली. सासऱ्यांचा हळदीचा व्यापार. एका वर्षी भाव पडले म्हणून त्यांनी एका सावकाराकडून वीस हजार रुपये उचलले होते. तीन वर्षांसाठी, द.सा.द.शे. 18, आणि कागदावर स्पष्ट लिहिलेलं, सरळव्याज. मुदत संपली, सावकाराचा माणूस हिशेब घेऊन आला. मी चहा द्यायला गेले आणि माझी नजर आकड्यावर पडली. व्याज 12,860 रुपये 64 पैसे. मी चहा ठेवताना मनात गुणाकार केला. वीस हजारांचं वर्षाचं व्याज 3,600, तीन वर्षांचं 10,800. त्याने व्याजावर व्याज लावलं होतं, चक्रवाढ. फरक 2,060 रुपये 64 पैशांचा. 1986 मध्ये दोन हजार ही लहान रक्कम नव्हती.

मी आत जाऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांनी बाहेर सांगितलं, पण कसं? सगळ्यांसमोर हसून म्हणाल्या, “धाकटी म्हणतेय व्याज चुकलंय. साधी आहे हो ती, तिला व्यवहार कुठला कळतोय.” बाहेरचे सगळे हसले. मोठ्या जाऊबाईही हसल्या. घरचा खर्च त्यांच्या हातात असायचा. त्या सातवी शिकलेल्या, पण चलाख. सासूबाईंनी हे प्रेमानेच म्हटलं होतं. तेच मला जास्त लागलं. रागाने म्हटलं असतं तर उत्तर तरी देता आलं असतं. मी आत गेले आणि ओटा पुसला. पुसलेलाच.

रात्री आमच्या ह्यांनी वहीत आकडेमोड केली आणि म्हणाले, “तुझं बरोबर आहे गं.” सकाळी मात्र त्यांनी वडिलांना काही सांगितलं नाही. पैसे तसेच गेले.

तर पर्वाच्या पाचव्या दिवशी लिफ्टमध्ये आब्लांची नात भेटली. बारावीच्या वयाची पोरगी, इंग्रजी छान. मी सरळ विचारलं, “तुझ्या आजीला माझं काय लागलं?” ती आधी बोलेना. मग मी मोबाईलमधलं ते वाक्य दाखवलं. ते वाचून तिने कपाळाला हात लावला. आम्ही दोघी खाली बागेतल्या बाकावर जाऊन बसलो आणि त्या मुलीने मला अर्धा तास जो धडा दिला, तो कॉलेजातही कुणी दिला नव्हता.

सिम्पलला तुर्कीत एक शब्द नाही, चार-पाच आहेत, आणि कुठला कुठे वापरायचा हे ठरलेलं आहे. ‘बासित’ हा अरबीतून आलेला. गणिताला, वाक्याला, यंत्राला तो चालतो. सरळव्याजाला ‘बासित फाइझ’ म्हणतात. लहान दुकानदारांसाठी कर आकारायची एक सोपी पद्धत आहे, तीही ‘बासित’. पण माणसाला लावला, आणि त्यातून बाईला, की अर्थ होतो हलकी, सवंग, किंमत नसलेली. आपण ‘सामान्य बाई’ असं नाक मुरडून म्हणतो ना, त्याच्याही खालचा. वर मोबाईलने ‘सेन’ वापरलं होतं, म्हणजे तू. वयाने मोठ्या बाईला अगं-तुगं करून हलकी म्हणून मी हसत हसत घरी आले होते!

सोपं काम, सोपा रस्ता, तिथे ‘कोलाय’. काहीही न जोडलेलं, नुसतं, तिथे ‘यालन’. व्याकरणात प्रत्यय न लागलेल्या नामाच्या रूपालाही यालन म्हणतात, म्हणजे आपली प्रथमा. आणि राहणीला, कपड्याला, घराला, कॉफीला ‘सादे’. साधा भात सादे पिलाव. तुम्ही-आम्ही, कुणी मोठे नाही ते, ‘सादे’ नागरिक. त्यालाच शेपूट जोडलं की ‘सादेजे’, म्हणजे फक्त. अपूर्णांकाला छेद देऊन संक्षेप करायचा त्यालाही सादेवरूनच क्रियापद. मग ‘साफ’ आहे, तोही आपल्याकडचाच. साफ सोनं म्हणजे शुद्ध सोनं, पण साफ माणूस म्हणजे ज्याला कुणीही फसवावं असा. म्हणजे आपल्याकडचा भोळा. मी विचारलं, मग मला जे म्हणायचं होतं ते कसं म्हणायचं? ती विचार करून म्हणाली, “घराबद्दल बोलत असाल तर सादे. आजीच्या मनाबद्दल बोलत असाल तर ‘तेमिझ काल्पली’ म्हणा, स्वच्छ मनाची.” तेमिझ म्हणजे स्वच्छ, आणि तो शब्द आपल्या कानावरचा ‘तमीज’च आहे म्हणे, मुळात एकच.

मग ती पोरगी हळूच म्हणाली, “आजीने तीस वर्षं ऑफिसांतून साफसफाई केली. तिला हा शब्द दोन भाषांमध्ये ऐकायला मिळालाय.”

दुसरी भाषा म्हणजे जर्मन. जर्मनमध्ये सिम्पलला ‘आइनफाख’. हा शब्द मी रोज ऐकत होते, कारण रेल्वेचं एकेरी तिकीटही आइनफाख. आणि कमी शिकलेले, कष्टाची कामं करणारे लोकही आइनफाख. आइन म्हणजे एक, फाख म्हणजे पदर, घडी. एकपदरी. घरी येऊन लेकीच्या शब्दकोशात पाहिलं तर इंग्रजी सिम्पलच्या मुळाशीही तेच, लॅटिन ‘सिम्प्लेक्स’, एका घडीचं. आणि दोन घडींचं ते ‘ड्युप्लेक्स’, त्यावरून इंग्रजीत कपटाला ‘ड्युप्लिसिटी’ शब्द झाला. आपण म्हणतो दुटप्पी. साडीची एकच घडी, आत काही लपवलेलं नाही. शब्द मुळात केवढा सुंदर होता, आणि माणसांनी त्याचं काय केलं बघा. ज्याच्या मनात काही लपवलेलं नाही, त्याला मूर्ख ठरवायचं. तेही सगळ्या भाषांमध्ये, ठरवून केल्यासारखं.

तुर्कांनी तर आपली भाषाच साधी करायला घेतली होती. 1928 मध्ये अरबी लिपी सोडून रोमन लिपी घेतली, 1932 मध्ये भाषेसाठी संस्था स्थापन झाली, आणि अरबी-फारसी शब्द काढून तुर्की शब्द बसवायचं काम जोरात चाललं. इतकं, की अतातुर्कांनी 1927 मध्ये सहा दिवस मिळून केलेलं प्रसिद्ध भाषण आजच्या पोरांना मूळ रूपात समजत नाही, त्याच्या ‘सोप्या केलेल्या’ आवृत्त्या निघतात. आपल्याकडे ग्रंथाची सार्थ प्रत असते तशी. गंमत म्हणजे या सोपं करण्याला ते जो शब्द वापरतात तो ‘सादे’वरूनच केलेला, म्हणजे काढायच्या त्या फारसीतलाच! तो काही निघाला नाही. स्वयंपाकघरात शिरलेला शब्द सरकारला काढता येत नाही, असं मला वाटतं.

त्या रात्री मी आर्जव धर्मावरचं प्रवचन पुन्हा ऐकलं, जे तिसऱ्या दिवशी कानांवरून गेलं होतं. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात जे दहा धर्म सांगितले आहेत त्यातला हा तिसरा. ऋजुपासून आर्जव. मनात एक, बोलण्यात एक, करण्यात तिसरंच, असं नसणं. माया कषायाच्या विरुद्ध. आणि रोजच्या मराठीत आपण हाच शब्द कसा वापरतो? आर्जव करणे म्हणजे विनवण्या करणे, हातापाया पडणे. किती वर्षं मी पूजेत ‘उत्तम आर्जव’ म्हणत आले, पण हा प्रश्न कधी पडला नव्हता, की सरळपणाचा शब्द गयावया करण्याकडे कसा घसरला? बहुतेक सरळ माणसाला आपलं काम करून घ्यायला दुसरा उपायच उरत नसावा. हे माझं मत हं, पंडितांना विचारा.

पर्व संपलं. क्षमावाणीच्या दिवशी सकाळी मी शिरा केला. आब्लांनी दिलेल्या त्याच तुपात रवा चांगला खरपूस भाजला, वेलची, बदाम. ताटली तीच, रिकामी आलेली. नातीला आधी सांगून ठेवलं होतं, ती घरी थांबली होती. मी दारातच पाठ केलेलं म्हटलं, “ओझ्युर दिलेरिम,” मी माफी मागते. आब्लांनी ताटलीवरचं झाकण उचललं आणि एकदम गंभीर होऊन नातीला काहीतरी विचारलं. नातीला हसू आवरेना. म्हणाली, “आजी विचारते, तुमच्या घरी कोण गेलं?” त्यांच्याकडे रव्याचा असाच गोड पदार्थ माणूस गेलं की करून वाटतात!

कुणी गेलं नाही हो, मी म्हटलं. बसून सगळं सांगितलं. मोबाईलशिवाय, नातीच्या तोंडून. मला काय म्हणायचं होतं, यंत्राने काय म्हटलं. आमच्यात आज सगळ्यांची क्षमा मागतात हेही. आणि हेही, की मलाही एकदा असंच म्हटलं होतं आणि मीही ओटा पुसला होता. हळद, सावकार, व्याज. सरळव्याज हा शब्द आल्यावर नात अडली, मग म्हणाली, “बासित फाइझ.” आब्ला एकदम खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांनी आकडे पुन्हा विचारून घेतले. पुन्हा म्हणजे दोनदा. मग टेबलावर बोट आपटून सावकाराला उद्देशून जे म्हणाल्या ते नातीने भाषांतर केलं नाही.

नंतर थोडा वेळ गप्प बसल्या आणि नातीकडे न बघता, माझ्याकडे बघून बोलल्या. नातीने सांगितलं ते असं. “सहा मजले होते. रोज. त्यात बासित काहीच नव्हतं.”

मग उठून कॉफी ठेवली. तुर्की कॉफीत साखर आधीच घालून उकळतात, नंतर घालत नाहीत, म्हणून करण्याआधी विचारावंच लागतं. साखरेची, मध्यम, की सादे? मी इतके दिवस साखरेची घेत होते. त्या दिवशी सादे म्हटलं. कडू जहर होती. संपवली. आब्ला बघत होत्या, शेवटी हसल्या आणि खडीसाखरेचा खडा पुढे केला. शिऱ्याचा घास घेऊन म्हणाल्या, “एलिनिझे सालक.” तुमच्या हातांना आरोग्य लाभो. रांधणारीला हे म्हणायचं असतं. आपल्याकडे असं वाक्य नाही, पण असायला हवं होतं.

घरी येऊन मी सांगलीला फोन लावला. क्षमावाणीला दरवर्षी आम्ही दोघं एकमेकांना म्हणतो, वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा. म्हणतो आणि चहा घेतो. ह्या वर्षी हे त्यांच्याकडून म्हणून झाल्यावर मी म्हटलं, “एक कळत झालेलं आहे. 1986 चं. सकाळी तुम्ही बोलला नाहीत ते.” पलीकडे शांतता. मला वाटलं फोन कटला. मग ते म्हणाले, “दोन हजार साठ.”

“आणि चौसष्ट पैसे,” मी म्हटलं.

“हो. चौसष्ट पैसे.” आणि मग बऱ्याच वेळाने, “दादांसमोर बोलायची हिंमत नव्हती गं माझी. चुकलं.”

मी काही बोलले नाही. बाळ रडायला लागलं होतं, त्याला एका हाताने थोपटत होते. त्यांनीच मग विषय बदलला. विचारलं, त्या बाईंनी ताटली रिकामी दिली का ह्यावेळी? नाही म्हटलं, जर्दाळू दिलेत, चांगले किलोभर आहेत. येताना घेऊन येते.